सख्खी बॅटरी

१९ जून
कारा-साझचं कुरण

चि. बेगिमाय,

मायरामबेकची गाडी दर आठवड्याला इथून कुमिसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची पिंपं घेऊन शहरात येते, तिच्यातूनच हे पत्र पाठवतेय. फोन लागावा म्हणून खिंडीपर्यंत अर्धा दिवस घोडं दामटायचं आणि तीन मिनिटं "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" करून परत यायचं, त्यापेक्षा पत्र बरं. तुझ्या बापालाही मी अशीच लिहायचे. त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही. तू तरी देशील.

आम्ही पोचलो. गवत गुडघाभर आहे, एक मेंढी वाटेत व्याली, माझी कंबर नेहमीसारखीच. रेडिओ यंदाही माझ्याच तंबूत. निवृत्त झाले तरी इथली नर्स मीच, आणि खाली गावातल्या दवाखान्याशी बोलायचं तर या हातातल्या रेडिओशिवाय दुसरी सोय नाही. त्याची जुनी बॅटरी हिवाळ्यात गेली. मायरामच्या फोनवर बघून नवी मागवली. तीन प्रकार होते. एकीवर "जुळणारी" लिहिलेलं, दुसरीवर "कंपनीसारखी", तिसरीवर "सख्खी बॅटरी, ३८००, थंडीत मान टाकत नाही". अस्सल मालाला बाजारात सख्खा म्हणतात, हे तुला काय सांगायचं. मी सख्खीवर बोट ठेवलं. मायराम म्हणतो कसा, "ताई, स्वतः सावत्र आई असून तुम्हीही सख्खीलाच भुललात?" म्हटलं, तू गाडी हाक.

आता ऐक. सख्खी आली. सौरपत्र्यावर दिवसभर भरली, हिरवा दिवा लागला. सकाळी रेडिओ चालू केला आणि घोड्या पिळायला गेले. दुसरी घोडी पिळून होते तोवर रेडिओ गार. तीन दिवस हाच प्रकार.

एरवी मी शिव्या देऊन गप्प बसले असते. पण शेजारच्या तंबूत झारकिन आहे, तिलेकची बायको. तू तिला लग्नात बघितलंयस, गालावर तीळ असलेली. ऑगस्टच्या मध्यावर दिवस भरतात. पहिलं बाळंतपण, पाय सुजतात, आणि मी चाचपून बघितलं तर मूल पायाळू दिसतंय, डोकं वर. वळेल म्हणा अजून. पंधरा दिवस आधी खाली जाईन म्हणते. पण पोट काही तारीख बघून दुखत नाही. त्या वेळी रेडिओ मुका असला तर मी काय डोंगराला हाका मारू?

तू शहरात आहेस, दुकानात लिहिण्याचं काम करतेस, मी सगळ्यांना सांगत असते. तर या लोकांना शोध. पाकिटावर दुकानाचं नाव नाही, नुसता फोन नंबर आहे, शेवटी एक्केचाळीस. त्यांना विचार, सख्खी म्हणजे काय समजता तुम्ही.

सोबत कुरुत पाठवतेय, यंदाच्याच दह्याचे वाळवलेले गोळे. खारट आहे, एकदम खाऊ नकोस.

तुझी,
उरुमकान मावशी


२७ जून
बिश्केक

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. कुरुत एकदमच खाल्लं, आता पाणी पितेय.

बॅटरीचं मनाला लावून घेऊ नकोस. नव्या बॅटऱ्या सुरुवातीला जरा नखरे करतात. चार-पाच वेळा पूर्ण भरायची आणि पूर्ण रिकामी करायची, मग ती ताळ्यावर येते. सौरपत्रा जुना असेल, तोही बघ. वरती थंडी असते. रेडिओ उगाच चालू ठेवू नकोस, लागेल तेव्हाच लाव. आणि तिच्यावरची निळी पट्टी सोलू नकोस, वॉरंटी जाते.

दुकानाचं म्हणशील तर अशी दुकानं इथे शेकड्यांनी आहेत, एकाच्या नंबरावर दुसरा बसलेला असतो. विचारून बघते, पण फार आशा ठेवू नकोस.

माझं बरं चाललंय. खोली कोंदट आहे, पण माणसं बरी आहेत. मालक झामिर वाईट नाही, कामाचं कौतुक करतो. दिवसभर लिहिते, संध्याकाळी डोळे चुरचुरतात.

झारकिनला पाय उशीवर ठेवून झोपायला सांग, असं तुला मी काय सांगणार. तिला लवकर खाली पाठव ना. पंधरा दिवस कशाला, आत्ताच पाठव.

चहा पाठवतेय, तुला आवडतो तो काळा.

तुझी,
बेगिमाय


८ जुलै
कारा-साझ

चि. बेगिमाय,

चहा चांगला आहे. बाकी पत्र फारसं चांगलं नव्हतं.

तू सांगितलंस तशी बॅटरी पाच वेळा भरली, पाच वेळा रिकामी केली. रिकामी करायला वेळच लागत नाही, ते एक सोपं आहे. मग मी कुरुत तोलायचा काटा काढला. जुनी बॅटरी पंच्याऐंशी ग्रॅम भरली, नवी बेचाळीस. पोरी, आपल्याकडे मेंढा घेताना लोकरीखाली हात घालून शेपटीची चरबी चाचपतात. लोकर सगळ्यांचीच फुगलेली असते. मी जन्मभर मेंढे चाचपले आणि बॅटरी मात्र लोकर बघून घेतली. तुझा बाप असता तर हिवाळाभर ऐकवलं असतं.

मग पट्टी सोलली. निळी. ती निळी आहे हे मी तुला कधी लिहिलं ते काही आठवत नाही, पण वय झालं, लिहिलं असेल. खाली दुसरा आकडा छापलेला निघाला. ६००.

३८०० म्हणजे काय हे मला दवाखान्यातल्या पोराने रेडिओवर समजावून सांगितलं. बॅटरीच्या पोटात किती वीज मावते त्याचा तो आकडा. रेडिओबरोबर जी मूळची आली होती ती १८००ची. सहाशेचं पोट आणि अडतीसशेचा आव.

आता खरी गोष्ट. रविवारी तिलेक घोड्यावरून पडला, गळपट्टीचं हाड मोडलं. मी रेडिओ लावला, बटण दाबलं, "तिलेक घोड्या—" एवढं बोलले आणि बॅटरी संपली. खाली तेवढंच ऐकू गेलं. त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी गुरांचा डॉक्टर आला, घोड्याच्या पोटदुखीचं औषध घेऊन. तिलेक कण्हतोय आणि हा विचारतोय, "जनावर कुठाय?" आम्ही हसलो, नाही असं नाही. झारकिनही हसली. मग ती तंबूबाहेर जाऊन बसली, आणि मी मागून गेले तेव्हा रडत होती.

आता तिलेकचा हात गळ्यात आहे. मेंढ्या, घोड्या, दूध, सगळं तिच्या अंगावर आलंय. लवकर खाली जायचं नाव काढत नाही, दहा ऑगस्टनंतर बघू म्हणते. मूल अजून वळलेलं नाही. मी आयुष्यात पायाळू बाळंतपण एकटीने केलेलं नाही, बेगिमाय. शेजारी डॉक्टर असायची. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते.

दुकान सापडलं का?

उरुमकान मावशी


१६ जुलै
बिश्केक

आई,

दुकान सापडलेलंच होतं. एक्केचाळीस हा आमचाच नंबर. माझ्याच टेबलावरचा फोन.

"सख्खी बॅटरी" मी लिहिलं. सगळं मीच लिहिते, तेच माझं काम. बॅटऱ्या गोणीतून येतात, करड्या, बिनानावाच्या. पट्ट्यांची रिळं वेगळी येतात. बाजारात कंटेनरवर कंटेनर चढवलेले असतात, त्यातल्या वरच्यात बसून दोघी मुली पट्ट्या चिकटवतात आणि मी मजकूर लिहिते. सुरुवातीला मी १८०० लिहिलं होतं, मूळ कंपनीचा आकडा म्हणून. शेजारच्या दुकानाने २८०० लिहिलं. झामिर म्हणाला, ३००० लिही. त्यांनी ३४०० केलं. मग आम्ही ३८००. आत काय आहे हे कुणी बघतच नव्हतं, लिलाव चालावा तसा नुसता आकडा चढत होता. मी एकदा म्हटलं, खरं लिहू या का? तो म्हणाला, "सगळ्यांनी खोटं लिहिलंय, तिथे तू खरं लिहिलंस तर तुझंच खोटं वाटेल." मला ते पटलं. खरंच पटलं, हेच मला आता सहन होत नाही.

तक्रारीही मीच घेते. "चार-पाच वेळा पूर्ण भरा, पूर्ण रिकामी करा" हे उत्तर छापून टेबलावर चिकटवलंय. ते मी तुलाही पाठवलं. तुझं पहिलं पत्र वाचून नंबर ओळखला आणि तरी तुला ते लिहून पाठवलं. तुझं दुसरं पत्र मी कंटेनरच्या जिन्यावर बसून वाचलं. गुरांचा डॉक्टर वाचून आधी हसू आलं आणि मग तेच पान पुन्हा वाचलं.

सोबत एक बॅटरी पाठवतेय. ही आमची नाही. बाजाराच्या मागच्या अंगाला हाशीम आजोबा बसतात, डुंगन आहेत, मूळ चीनकडचे मुसलमान, जुन्या रेडिओंची दुरुस्ती करतात. ते एकेक सेल तपासून स्वतः बॅटरी बांधतात. मी म्हटलं, मोजून दाखवा. त्यांनी यंत्राला लावली आणि म्हणाले, "बस मग. चहा पी." चार तास बसले. संपेपर्यंत मोजली. १७५० भरली. मग पुन्हा पूर्ण भरली आणि त्यांनी पेनाने तिच्यावर १७५० लिहिलं. मी म्हटलं, आजोबा, पन्नासाने काय बिघडतं, १८०० लिहा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मान खाली घातली.

हिच्यावर पट्टीबिट्टी नाही. काट्यावर तोलून बघ.

काम अजून सोडलेलं नाही. सोडलं तर परत यावं लागेल, आणि तू सगळ्यांना सांगत असतेस की आमची पोरगी शहरात लिहिते.

बेगिमाय


२८ जुलै
कारा-साझ

बेगिमाय,

बॅटरी पोचली. तोलली, ब्याऐंशी ग्रॅम. सकाळच्या दुधापासून संध्याकाळच्या दुधापर्यंत रेडिओ चालू ठेवला, मधे डॉक्टर गुलबाराशी बोलले, कुणाकुणाशी उगाच गप्पा मारल्या. दिवा हिरवाच. हाशीम आजोबांना माझा सलाम सांग.

आता तुझ्याशी बोलते.

मला पहिल्या दिवसापासून शंका होती. "थंडीत मान टाकत नाही" हे बोलणं दुकानांचं नाही. ते आपल्या घरातलं आहे. तुझ्या बापाच्या करड्या घोडीबद्दल मी म्हणायचे, आणि तू लहानपणी ते सगळ्यालाच लावायचीस, कोंबडीला, मोटारीला, शाळेच्या मास्तरांना. मायरामच्या फोनवर ते वाचलं तेव्हा वाटलं, आपलंच माणूस बोलतंय. म्हणून घेतली बघ ती. सख्खी या शब्दाला भुलले असं मायरामला वाटतंय, वाटू दे.

तुला विचारलं नाही, कारण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. पहिल्याच उत्तरात निळी पट्टी लिहून बसलीस तेव्हा तर मी हातातला चहा खाली ठेवला. तरी थांबले. राग आला नाही असं समजू नकोस. दोन दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते, झारकिनला वाटलं तिचंच काही चुकलं.

तू सांगितलंस, ते बरं झालं. पण तू मला सांगितलंस, कारण मी तुझी आहे. बाकीच्यांचं काय? रेडिओची बॅटरी शहरातला माणूस घेत नाही, पोरी. ती घेतो डोंगरात राहणारा, ज्याच्याकडे दुसरं काही नसतं. किती विकल्या? कुठे कुठे गेल्या? तिथेही एखादी झारकिन असेल आणि तिला चाचपणारी एखादी म्हातारी, आणि ती म्हातारी आत्ता बॅटरी पाचव्यांदा रिकामी करत असेल. तू सांगितलंस म्हणून.

काम सोड की धर, ते तू ठरव. परत आलीस तर मी लोकांना सांगेन की आली. त्यात लाज कसली. पण त्या लोकांना कळव. त्यांचे नंबर तुझ्याकडे आहेत.

पत्राच्या वर मला काय म्हणून हाक मारलीस ते बघितलं. त्याचं नंतर बोलू.

उरुमकान मावशी


९ ऑगस्ट
बिश्केक

मावशी,

(ते तू नंतर बोलणार आहेस, म्हणून तूर्त मावशी.)

दोनशे सहा विकल्या. नारिन, तालास, बातकेन, दोन तर पार पामीरच्या वाटेला. आधी फोनवरच्या जाहिरातीतला आकडा बदलला. ३८०० काढून ६०० लिहिलं, "सख्खी" खोडलं. मग एकेकाला निरोप लिहिला: "तुम्ही घेतलेल्या बॅटरीवर ३८०० लिहिलं आहे, ते मी लिहिलं होतं. खरा आकडा ६०० आहे. तिच्या भरवशावर राहू नका, दुसरी जवळ ठेवा." नाव खाली माझंच घातलं. तिसऱ्या दिवशी झामिरला कळलं. आरडाओरडा केला नाही त्याने, नुसतं म्हणाला, "बेगिमाय, तू हुशार आहेस असं मला वाटत होतं." आणि फोन काढून घेतला, कामही. तोवर एकशे नव्वद झाले होते. उरलेले सोळा नंबर मी आधीच वहीत उतरवून ठेवले होते, ते हाशीम आजोबांच्या फोनवरून केले.

लोकांची उत्तरं आली. एकाने माझ्या सात पिढ्या काढल्या. तालासच्या एका शिकाऱ्याने लिहिलं, मला वाटलं माझा रेडिओच बिघडलाय, मी तो फेकून दिला. बातकेनच्या एका बाईने वाळलेले जर्दाळू पाठवलेत, चिठ्ठी नाही, नुसते जर्दाळू. 

आता मी आजोबांच्या बाकावर बसते. त्यांना बॅटरी बांधता येते, पाटी लिहिता येत नाही. त्यांची आजवरची जाहिरात म्हणजे पुठ्ठ्यावर "आहे" एवढा एक शब्द. मी लिहिलं: "ही सख्खी नाही, आम्ही बांधलेली आहे. पोट १७५०. चार तास बसून मोजलं. पटत नसेल तर या, चहा आहे." आठवडाभर कुणी फिरकलं नाही. कालपासून माणसं येताहेत. निम्मी चहासाठी येतात, पण येतात. एका कुरणाच्या समितीने अकरा मागवल्यात, आणि आजोबा कुरकुरतात की चार तासांच्या हिशेबाने अकरा मोजायला त्यांचं आयुष्य जाईल. मग स्वतःच दुसरं यंत्र जोडून बसलेत.

झारकिन खाली गेली का? मूल वळलं का? मायरामला दर आठवड्याला विचारते, तो म्हणतो, "मी कुमिस नेतो, बातम्या नेत नाही."

बेगिमाय


१६ ऑगस्ट
कारा-साझ

चि. बेगिमाय,

सुयुंचू काढ आधी. आनंदाची बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, आणि मायराम पत्र हातात देण्याआधी हात पुढे करणारच आहे. म्हणे बातम्या नेत नाही. ही न्यायला तो एक दिवस आधी आला.

झारकिनला मुलगी झाली. दोघी धडधाकट.

बुधवारी सकाळी ती खाली निघणार होती, गाठोडं बांधून तयार. मंगळवारी दुपारी गारा पडल्या, ओढा फुगला, आणि तासाभरात तिला कळा सुरू झाल्या. मूल वळलेलं नव्हतंच. मी रेडिओ लावला. गुलबारा गाडी काढून निघाली, पण ओढ्याच्या पलीकडेच अडकली. मी इथे, ती तिथे, मधे पाणी. गाडीतल्या रेडिओवरून म्हणाली, "उरुमकान ताई, मी बोलते तसं करा. बटण सोडा म्हटलं की सोडा."

तिलेकने मोडक्या खांद्यासकट एका हाताने रेडिओ माझ्या तोंडाशी धरला. मी बघेन ते सांगायचं, ती पुढचं सांगायची. ओढू नका. थांबा. पाय बाहेर आले का? हात लावू नका. आता पाठ वरच्या बाजूला आहे ना? तासभर आणि वर दहा मिनिटं. तिचा आवाज तुटला नाही, म्हणून मीही तुटले नाही. एकदा वाटलं की आता डोकं अडकलं. गुलबारा म्हणाली, "आहे तिथेच राहा, घाई करू नका," आणि तिने कुठे बोट ठेवायचं ते सांगितलं. त्या क्षणी रेडिओ गप्प झाला असता तर आज हे पत्र निराळं असतं. हे मी वाढवून सांगत नाही.

मुलगी आली ती निळी. नाक साफ केलं, पाठ चोळली. मग रडली. तिलेक बटण दाबून उभाच होता, सोडायचं विसरला. ते रडणं खाली दवाखान्यात गेलं, ओढ्याकाठी गुलबाराला गेलं, आणि ज्या ज्या कुरणावर कुणी रेडिओ लावून बसलं होतं तिथे तिथे गेलं. दुसऱ्या दिवसापासून माणसं घोड्यांवरून येताहेत, म्हणतात, रडणं ऐकलं, तोंड बघायला आलो. तिलेकचा बाप म्हणतो नाव रेडिओ ठेवा, त्याच्या मावसभावाचं नाव ट्रॅक्टर होतं. झारकिनने त्याला तंबूबाहेर घालवलंय.

सगळं आटोपल्यावर मी बॅटरी बघितली. दिवा लाल लुकलुकत होता. १७५० संपत आले होते, पण पुरले. हाशीम आजोबांना सांग, त्या पन्नासाचं खोटं त्यांनी लिहिलं नाही ते बरं केलं. मी त्या आकड्याच्या हिशेबाने सकाळपासून उगाच एक शब्द बोलले नव्हते.

आता ते दुसरं. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा मी या घरात आले. गावातल्या बायका तुला शिकवायच्या, आई म्हण गं तिला, आई म्हण. तू दाराआड उभी राहून म्हणालीस, मावशी. मला वाईट वाटलं होतं, आज कबूल करते. पण तो शब्द तू स्वतः शोधलेला होतास, कुणी सांगितला म्हणून चिकटवलेला नव्हता. ताप आला की तू मावशी म्हणूनच मला हाक मारायचीस. बाप गेला त्या दिवशीही. आणि खोटं कबूल करताना मात्र तुला वाटलं की मावशी पुरणार नाही, म्हणून वर मोठा शब्द चिकटवलास.

तर पोरी, पट्टी बदलू नकोस. मावशीच लिही. आपण पंधरा वर्षं बसून मोजलंय ते, मला पुरतं.

शनिवारी मुलीला पाळण्यात घालतोय. मायरामच्या गाडीत पुढची जागा रिकामी आहे, मी सांगून ठेवलंय. आजोबांना म्हणावं, चार दिवस बाक सांभाळा.

तुझी,
उरुमकान मावशी